डेव्हिड अब्राहम चेऊलकर

डेव्हिड अब्राहम चेऊलकर (जन्म: इ.स. १९०९, ठाणे, मृत्यू: १९८१-८२ चा हिवाळा, टोराँटो, कॅनडा) हे हिंदी चित्रपटसृष्टीतील एक भारतीय चरित्र अभिनेते, सूत्रसंचालक व क्रीडा पंच होते. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख बहुधा केवळ ‘डेव्हिड’ असा होत असे व प्रेक्षकांतही ते त्याच नावाने ओळखले जात. मराठी ही मातृभाषा असलेल्या कोकणातील बेने इस्राएल ज्यू समाजात त्यांचा जन्म झाला. इ.स. १९३७ ते १९८० या सुमारे चार दशकांच्या काळात त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या. ‘बूट पॉलिश’ (१९५४) या चित्रपटातील जॉन चाचाच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. इ.स. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

ठेंगणा बांधा, गोल चेहरा, टक्कल, मिश्कील हसू आणि स्वच्छ शब्दोच्चार ही त्यांची पडद्यावरील ओळख होती. नायक-नायिकेचा हितचिंतक काका, घरचा डॉक्टर, थोरला भाऊ, गाण्याचा जाणकार किंवा वस्तीतला सहृदय गुन्हेगार अशा भूमिका त्यांच्या वाट्याला अधिक आल्या. त्यांचा विनोद अंगविक्षेपांचा नव्हता. समोरच्या पात्राचे बोलणे ऐकताना चेहऱ्यावर उमटणारी प्रतिक्रिया आणि वाक्य संपताना घेतलेला किंचित विराम यांतून तो निर्माण होई. त्यामुळे ‘विनोदी नट’ या नेहमीच्या वर्गात त्यांना बसविणे अवघड जाते. जॉनी वॉकर, आगा किंवा मुक्री यांच्याप्रमाणे मुख्य कथानकापासून वेगळा असा विनोदी भाग त्यांच्यासाठी क्वचितच लिहिला गेला.

नाव व समाज

डेव्हिड यांचे पूर्ण नाव हे मराठी नामपद्धतीचे नाव आहे. बेने इस्राएल समाजात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व त्यानंतर मूळ गावावरून पडलेले ‘कर’प्रत्ययान्त आडनाव लावण्याची रीत आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे याच पद्धतीची आहेत. चेऊलकर हे आडनाव रायगड जिल्ह्यातील चौल (जुने रूप चेऊल) या प्राचीन बंदरावरून आले. इंग्रजी लेखनात मात्र ‘अब्राहम’ हेच त्यांचे आडनाव समजले जाते आणि चेऊलकर हा भाग अनेकदा गळून पडतो. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तर तो नव्हताच. परिणामी अनेक मराठी प्रेक्षकांनी डेव्हिड यांना अँग्लो-इंडियन, गोव्याचे ख्रिस्ती किंवा युरोपीय वंशाचे नट मानले. त्यांनी रंगविलेल्या ख्रिस्ती व्यक्तिरेखांमुळे हा समज अधिक दृढ झाला असावा.

बेने इस्राएल समाजाच्या परंपरागत कथेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले व त्यातून सात जोडपी वाचली. पुढील शतकांत हा समाज कोकणातील खेड्यांत विखुरला. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा एक प्रमुख व्यवसाय होता आणि शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवीत असल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत यांतील अनेक कुटुंबे मुंबई, ठाणे व पुणे येथे आली आणि लष्कर, रेल्वे, टपाल व शिक्षण या क्षेत्रांत स्थिरावली. ठाण्याचे ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग इ.स. १८७९ मधील आहे. धर्मविधी हिब्रू भाषेत होत असले तरी घरातील व व्यवहारातील भाषा मराठीच राहिली. वल्हांडण सणाची ‘हगादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह इ.स. १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली, आणि बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने करण्याची प्रथाही या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली.

भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाशी ज्यू समाजाचा संबंध निकटचा आहे. त्या काळात मध्यमवर्गीय हिंदू व मुस्लिम स्त्रियांना पडद्यावर येण्यास समाजाची आडकाठी होती. त्या वेळी सुलोचना (रूबी मायर्स) व प्रमिला (एस्थर अब्राहम) यांच्यासारख्या ज्यू अभिनेत्री पुढे आल्या. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्या नाटकावर आधारलेला होता, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएल होते. सुलोचना, प्रमिला व पुढच्या पिढीतील नादिरा या बगदादी ज्यू घराण्यांतील होत. त्या घराण्यांत अरबी व इंग्रजीचा वापर असे. कोकणी मातीतील आणि मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातून येऊन पडद्यावर दीर्घकाळ टिकलेल्या पुरुष कलावंतांत डेव्हिड यांचे नाव अग्रभागी आहे.

शिक्षण व चित्रपटप्रवेश

डेव्हिड यांनी इ.स. १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली. कायद्याचे शिक्षणही त्यांनी घेतले होते, परंतु वकिली केली नाही. पदवी हाती आली तो काळ जागतिक मंदीचा होता. सुशिक्षित तरुणांना कारकुनीही मिळेनाशी झाली होती. नोकरीच्या शोधात सुमारे सहा वर्षे घालविल्यानंतर त्यांनी चित्रपटाकडे वळण्याचे ठरविले. अभिनेते नायमपल्ली या मित्राच्या ओळखीने त्यांना या व्यवसायात प्रवेश मिळाला आणि मोहन भवनानी यांच्या ‘झाम्बो’ (१९३७) या जंगलपटातून त्यांनी पदार्पण केले. टारझनपटांच्या लोकप्रियतेवर बेतलेला असा हा चित्रपट होता. विद्यापीठाचा पदवीधर अशा चित्रपटात काम करतो ही गोष्ट त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठेची मानली जात नसे.

नायकाला लागणारी उंची व रूप त्यांच्यापाशी नव्हते. गायक-नटांच्या त्या जमान्यात गळा नसणे हीदेखील मोठी उणीव होती. त्यामुळे आरंभापासूनच ते चरित्र भूमिकांकडे वळले, आणि ऐन तिशीत प्रौढ व वृद्ध पात्रे रंगवू लागले. या निवडीचा एक लाभ असा झाला की वय वाढले तरी त्यांच्या कामाला ओहोटी लागली नाही. त्यांच्याबरोबरीचे नायक पन्नाशीत मागे पडले. डेव्हिड यांची सर्वांत स्मरणात राहिलेली कामे तर साठीनंतरची आहेत.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्याशी संबंध

डेव्हिड यांच्याकडे प्रथम लक्ष वेधले ते बॉम्बे टॉकीजच्या ‘नया संसार’ (१९४१) या चित्रपटाने. एन. आर. आचार्य यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा तरुण पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांची होती, आणि वृत्तपत्राच्या कचेरीत घडणारे तिचे कथानक त्या काळी नवीन होते. अब्बास यांनी पुढे आपल्या निर्मितिसंस्थेलाही हेच नाव दिले. या चित्रपटापासून दोघांचा जो संबंध जुळला तो दोन दशकांहून अधिक काळ टिकला.

इ.स. १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय जननाट्य संघाशी, म्हणजे ‘इप्टा’शी, डेव्हिड यांचा संबंध याच वर्तुळातून आला. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरील ‘धरती के लाल’ (१९४६) हा अब्बास यांचा पहिला दिग्दर्शित चित्रपट इप्टाच्या कलावंतांनी उभा केला होता. शंभू मित्र, तृप्ती मित्र, बलराज साहनी व झोहरा सेहगल यांच्याबरोबर डेव्हिड यांनी त्यात काम केले. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांवरील ‘राही’ (१९५३), हिंदी चित्रपटात दुर्मीळ अशी गीतविरहित रचना असलेला ‘मुन्ना’ (१९५४) आणि मुंबईतील घरांच्या प्रश्नावरील, राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ‘शहर और सपना’ (१९६३) या अब्बास यांच्या चित्रपटांतही ते होते. अब्बास यांचे चित्रपट पैसे मिळवून देणारे क्वचितच ठरले. त्यांत काम करणारे नट आपले पोट इतरत्र भरीत व येथे हौसेने येत, असे म्हटले तर फारसे चुकीचे होणार नाही.

अब्बास व रशियन दिग्दर्शक वसिली प्रोनिन यांनी संयुक्तपणे दिग्दर्शित केलेल्या ‘परदेसी’ (१९५७) या भारत-सोव्हिएत सहनिर्मितीतही डेव्हिड यांची भूमिका होती. पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच्या प्रवासावर हा चित्रपट आधारलेला आहे. ओलेग स्त्रिझेनोव्ह, नर्गिस, पद्मिनी व बलराज साहनी हे त्यातील इतर कलावंत. निकितिन भारताच्या भूमीवर प्रथम उतरला तो चौलच्या बंदरात, आणि तेथून तो जुन्नर व बीदरकडे गेला. चौललगतच्या रेवदंडा येथे आज त्याचे स्मारक आहे. ज्या गावाचे नाव डेव्हिड यांच्या आडनावात होते, त्याच गावापासून या चित्रपटाच्या नायकाची भारतयात्रा सुरू होते, हा योगायोग श्रेयनामावलीतील नुसत्या ‘डेव्हिड’ या शब्दामुळे कोणाच्या ध्यानात आला नसावा.

बूट पॉलिश

राज कपूर यांची निर्मिती व प्रकाश अरोरा यांचे दिग्दर्शन असलेला ‘बूट पॉलिश’ हा डेव्हिड यांच्या कारकिर्दीतील मध्यवर्ती चित्रपट होय. आई मरण पावलेली व बाप तुरुंगात, अशी भोला (रतन कुमार) व बेलू (बेबी नाझ) ही भावंडे मुंबईच्या झोपडपट्टीत कमला या चुलतीच्या आश्रयास येतात. चुलती त्यांना भीक मागायला लावते. शेजारी राहणारा जॉन चाचा त्यांना भीक मागण्याऐवजी श्रम करण्याची शिकवण देतो, आणि मुले पैसापैसा साठवून बूट पॉलिशचे सामान घेतात. चुलती त्यांना घराबाहेर काढते, पावसाळा सुरू होताच बूट पॉलिशचा धंदा बसतो, जॉन चाचाला अटक होते आणि भावंडांची ताटातूट होते.

जॉन चाचा हा पायाने अधू व हातभट्टीची दारू चोरून विकणारा इसम आहे. मुंबई प्रांतात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी लागू झाली होती आणि मुंबईच्या वस्त्यांत बेकायदा गुत्त्यांचे जाळे पसरले होते. ख्रिस्ती वस्तीतील दारू विकणारी पात्रे त्या काळच्या हिंदी चित्रपटांत उपहासाचा विषय म्हणून येत. जॉन चाचा हा त्याच साच्यातून निघालेला आहे, पण चित्रपटातील नीतीचा सर्व भार याच्याच खांद्यावर टाकलेला आहे. मुलांना ताठ मानेने जगायला सांगणारा माणूस स्वतः कायदा मोडून जगतो, आणि त्याला हे ठाऊक आहे. पटकथेतील ही विसंगती उपदेशाच्या भाषणांत बुडून जाण्याचा धोका होता. डेव्हिड यांनी ती लपविली नाही. मुलांशी बोलताना त्यांचा आवाज शिक्षकाचा असतो, तर पोलिसांची चाहूल लागताच अंग चोरणारे त्यांचे शरीर एका सराईत गुन्हेगाराचे असते. राज कपूर यांच्या निर्मितिसंस्थेच्या त्या काळातील चित्रपटांत भाबडेपणाचा जो अंश असतो तो येथेही आहे. जॉन चाचाची दृश्ये त्यातून बऱ्याच अंशी सुटतात.

चित्रपटाचे संगीत शंकर-जयकिशन यांचे होते. मुलांच्या चिमुकल्या मुठीत काय दडले आहे असे विचारणारे, जॉन चाचा व वस्तीतील मुले यांच्यामधील प्रश्नोत्तररूप गीत शैलेंद्र यांनी लिहिले. त्यात डेव्हिड यांच्यासाठी मोहम्मद रफी यांनी पार्श्वगायन केले आहे, तर मुलांसाठी आशा भोसले यांनी. भारतभर शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे गीत पुढे अनेक पिढ्या गायिले गेले. दुसरे गीत तुरुंगातील आहे. टक्कल पडलेले कैदी जॉन चाचाच्या पुढाकाराने ढगांना पावसाची विनवणी करतात, कारण पाऊस पडला तर शेतातील पिकाप्रमाणे डोक्यावर केसही उगवतील अशी त्यांची आशा आहे. मन्ना डे यांनी अडाणा रागात, पूर्ण शास्त्रीय थाटात गायिलेल्या या गीतावर डेव्हिड यांचा अभिनय कमालीचा गंभीर आहे. एखाद्या मैफलीतील बुजुर्ग गवयाचा आविर्भाव त्यांनी किंचितही ढळू दिलेला नाही, आणि त्यामुळेच दृश्य हास्यकारक होते. याच पावसाने बाहेर मुलांची उपासमार होणार आहे, ही गोष्ट दृश्य संपताच प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

दुसऱ्या फिल्मफेअर पुरस्कारांत (१९५५) ‘बूट पॉलिश’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, तर बेबी नाझ हिच्या कामाची त्याच वर्षी कान चित्रपट महोत्सवात विशेष नोंद घेण्यात आली. पहिल्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत साहाय्यक भूमिकांसाठी स्वतंत्र विभागच नव्हता. तो दुसऱ्या वर्षी सुरू झाला, आणि त्याचे पहिले मानकरी ठरले डेव्हिड व उषा किरण (‘बादबान’). हिंदी चित्रपटातील साहाय्यक अभिनयाचे हे पहिले दोन्ही फिल्मफेअर पुरस्कार मराठी भाषक कलावंतांकडे गेले, याचा उल्लेख फारसा केला जात नाही.

हृषीकेश मुखर्जी व बासू चटर्जी यांचे चित्रपट

१९६० नंतर डेव्हिड यांचे नाव मुख्यतः हृषीकेश मुखर्जी यांच्या चित्रपटांशी जोडले गेले. मुखर्जी हे मुळात संकलक होते. मोठ्या संचाऐवजी घरातील दिवाणखाना, ठरलेले नटमंडळ आणि संवादांची नेमकी लय यांवर त्यांची भिस्त असे. अशा मांडणीत चरित्र अभिनेता शोभेचा न राहता कथानक पुढे नेणारा होतो. ‘अनुराधा’ (१९६०) व ‘अनुपमा’ (१९६६) या दोन्ही चित्रपटांत डेव्हिड आहेत. ‘मेम दीदी’ (१९६१) मध्ये त्यांना एरवी क्वचितच मिळणारी मध्यवर्ती भूमिका मिळाली. वस्तीतील दोन दांडगे, डेव्हिड व जयंत, हे नव्याने राहायला आलेल्या रोझी या खंबीर स्त्रीपुढे हळूहळू नरमतात, असे त्याचे कथानक आहे. रोझीच्या भूमिकेत ललिता पवार होत्या. धिप्पाड जयंत व ठेंगणे डेव्हिड ही जोडी नुसती शेजारी उभी राहिली तरी हशा पिकत असे. ‘सत्यकाम’ (१९६९) या मुखर्जींच्या सर्वांत गंभीर चित्रपटातही रुस्तम या पारशी गृहस्थाच्या रूपाने ते दिसतात.

‘अभिमान’ (१९७३) मधील ब्रजेश्वर ही भूमिका लांबीने लहान आहे. लोकप्रिय गायक सुबीर (अमिताभ बच्चन) व त्याची नवपरिणीत पत्नी उमा (जया भादुरी) एकत्र गातात तेव्हा श्रोत्यांतील हा वृद्ध जाणकार पत्नीचा गळा पतीपेक्षा सरस आहे हे ओळखतो, आणि या संसारापुढे काय वाढून ठेवले आहे याची शंका त्याला तेव्हाच येते. पुढील सर्व संघर्षाची सूचना या एका चेहऱ्यावर दिलेली आहे. विनोदाचा लवलेश नसलेली ही भूमिका डेव्हिड यांच्या उत्तम कामांत गणावी लागेल.

‘चुपके चुपके’ (१९७५) मध्ये ते हरिपद भैया झाले. नवविवाहित परिमल (धर्मेंद्र) आपल्या बायकोच्या शुद्ध हिंदीप्रेमी मेहुण्याची फजिती करण्यासाठी मोटारचालक बनून जातो, त्या कारस्थानात हरिपद भैया सामील असतात. ‘गोल माल’ (१९७९) मधील डॉ. केदार यांचीही कामगिरी अशाच स्वरूपाची आहे. भवानीशंकर (उत्पल दत्त) यांच्याकडे नोकरी रिकामी आहे, ते मिशीला मान देतात व खेळाची आवड असलेल्या तरुणांवर चिडतात, ही माहिती रामप्रसादला (अमोल पालेकर) देऊन सगळ्या गोंधळाची सुरुवात करून देणारे हेच. दोन्ही चित्रपटांत वडीलधारा माणूस लबाडीत सहभागी होतो, आणि तरीही प्रेक्षकाचा त्याच्यावरील विश्वास उडत नाही. ‘खूबसूरत’ (१९८०) मध्ये ते रेखा हिच्या खेळकर स्वभावाच्या वडिलांच्या भूमिकेत आहेत. मुलीशी मैत्रिणीसारखे वागणारे हे वडील आणि सासरची करडी शिस्त सांभाळणाऱ्या दीना पाठक यांच्यातील विरोधावर तो चित्रपट उभा आहे.

बासू चटर्जी यांच्या ‘बातों बातों में’ (१९७९) या चित्रपटातील अंकल टॉम ही त्यांची आणखी एक लोकप्रिय भूमिका. वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीत व मुंबईच्या लोकलगाडीत घडणाऱ्या या कथेत टोनी (अमोल पालेकर) व नॅन्सी (टीना मुनीम) यांची गाठ घालून देण्याचा उद्योग टॉम करतो. ‘बूट पॉलिश’मधील जॉन चाचानंतर पंचवीस वर्षांनी डेव्हिड पुन्हा मुंबईच्या ख्रिस्ती काकाच्या रूपात आले. या वेळी काकाजवळ नियमित घर, शेजार व सकाळची ठरलेली गाडी होती. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती पात्रे या पंचवीस वर्षांत गुत्त्यातून मध्यमवर्गात कशी आली, याचा अभ्यास करणाऱ्यास या दोन भूमिका एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतील.

अभिनयशैली व युरोपीय समांतर उदाहरणे

डेव्हिड यांच्या भूमिकांची तुलना अमेरिकेच्या हॉलिवूडमधील युरोपात जन्मलेल्या चरित्र अभिनेत्यांशी करता येण्याजोगी आहे. बुडापेस्ट येथे जन्मलेले एस. झेड. साकाल व पूर्व प्रशियात जन्मलेले फेलिक्स ब्रेसार्ट हे दोघेही ज्यू होते, आणि नाझी राजवटीमुळे जर्मन भाषक रंगभूमी व चित्रपट सोडून त्यांना अमेरिकेत यावे लागले. साकाल यांनी ‘कॅसाब्लांका’ (१९४२) मधील कार्ल या हॉटेलसेवकाचे, तर ब्रेसार्ट यांनी ‘निनोच्का’ (१९३९) व ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२) यांतील पात्रांचे काम केले. गुबगुबीत गाल थोपटीत गोंधळून बोलणारा प्रेमळ काका अशी साकाल यांची पडद्यावरील प्रतिमा होती. त्याच काळात त्यांच्या तिन्ही बहिणी नाझी छळछावण्यांत मारल्या गेल्या.

साम्य असे की दोन्हीकडे अल्पसंख्य समाजातील नटाच्या वाट्याला निरुपद्रवी, कुटुंबाबाहेरचा पण कुटुंबाचे भले चिंतणारा वडीलधारा माणूस आला. भेद मात्र मूलभूत आहे. साकाल व ब्रेसार्ट यांचा विनोद बव्हंशी त्यांच्या परक्या उच्चारांवर उभा होता आणि त्यांनी सहसा परदेशीय पात्रेच केली. डेव्हिड आपल्या भूमीतच होते. मराठी घरात वाढलेल्या या नटाचे हिंदी-उर्दू उच्चार निर्दोष होते व इंग्रजीवर प्रभुत्व होते. त्यामुळे जॉन, टॉम व रुस्तम यांच्याइतक्याच सहजतेने त्यांना हरिपद, केदार व ब्रजेश्वर होता आले. युरोपात ज्यूंना जे भोगावे लागले तसा छळ भारतात बेने इस्राएल समाजाच्या वाट्याला कधी आला नाही, ही या भेदामागील ऐतिहासिक बाजू होय.

सूत्रसंचालन व क्रीडाक्षेत्र

चित्रपटाबाहेर डेव्हिड यांची ख्याती वक्ता व सूत्रसंचालक म्हणून होती. फिल्मफेअर पुरस्कार समारंभांचे सूत्रसंचालन त्यांनी अनेक वर्षे केले. दूरचित्रवाणीपूर्व काळात असे समारंभ सभागृहातील निमंत्रितांपुरतेच असत, तरीही चित्रपटव्यवसायातील व्यक्तींना चारचौघांत चिमटे काढण्याची मुभा असलेला माणूस म्हणून ते प्रसिद्ध झाले. क्रीडाक्षेत्रातही त्यांना रस होता. भारोत्तोलनाच्या स्पर्धांत त्यांनी पंच म्हणून काम पाहिले. पडद्यावर मृदू काका दिसणाऱ्या ठेंगण्या नटाचा वजन उचलण्याच्या खेळाशी असलेला हा संबंध अनेकांना नवलाचा वाटे.

अखेरचा काळ

डेव्हिड आजन्म अविवाहित राहिले. इ.स. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य कुटुंबे पुढील दोन-तीन दशकांत तेथे स्थलांतरित झाली. दिमोना, अश्दोद व लोद यांसारख्या गावांत मराठी बोलणारी वस्ती उभी राहिली, आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघू लागले. कोकणातील अनेक गावांत मात्र सिनेगॉग व दफनभूमी तेवढ्या मागे उरल्या. डेव्हिड या स्थलांतरात गेले नाहीत. त्यांची ऐन कारकीर्द याच काळातील असल्याने ते मुंबईतच राहिले. आयुष्याच्या अगदी अखेरीस ते कॅनडात गेले, आणि टोराँटो येथे १९८१-८२ च्या हिवाळ्यात त्यांचे निधन झाले. ‘गोल माल’, ‘बातों बातों में’ व ‘खूबसूरत’ हे चित्रपट त्यापूर्वीच्या दोन-तीन वर्षांतीलच असल्यामुळे, मागे पडलेला जुना नट म्हणून नव्हे, तर पडद्यावर नित्य दिसणारा चेहरा म्हणूनच ते प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले.